कोयनेचे धक्के नुसते मोजून भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : कोयना-वारणा भागातील भूकंपांच्या आकडेवारीच्या बातम्या

महोदय,

भाद्रपदाच्या आसपास कोयना धरण काठोकाठ भरते, दरवाजे उचलले जातात, आणि त्यानंतर कधीतरी आतल्या पानावर ओळखीचा मथळा येतो : ‘कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का’. डिसेंबरात १९६७ च्या ११ तारखेच्या मोठ्या भूकंपाच्या आठवणी छापून येतात. त्यांच्या शेवटी वर्षभरात किती धक्के बसले आणि ते गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त किंवा कमी, हे असते. पाटण, कराड, शिराळा भागातले वाचक हा आकडा मनावर घेतात. वाढला की धास्ती, घटला की ‘आता शांत झाले’ असा निःश्वास. मोजणी चुकीची असते असे नाही. पण कुठल्या तीव्रतेपासून मोजायला सुरुवात केली हे सोबत नसेल, तर वाढले आणि घटले या दोन्ही शब्दांना अर्थ राहत नाही. तो का राहत नाही आणि तीच यादी घेऊन नीट हिशेब कसा करता येतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

(बातमीत आपण ‘तीव्रता’ म्हणतो तो रिश्टरचा आकडा. शास्त्रात तीव्रता म्हणजे जागोजागी जाणवलेला हादरा. तो कोयना धरणाजवळच्या हेळवाकला वेगळा आणि सांगलीत वेगळा. रिश्टरचा आकडा मात्र एका भूकंपाला एकच. पण शब्द रूढ झाला आहे, मीही तोच वापरतो.)

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेल्या आकड्यांनी करू. शिवाजीसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, पाणी साठू लागल्यापासून, म्हणजे १९६२ पासून, या भागात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे सुमारे २२ भूकंप झाले. ४ आणि त्यावरचे सुमारे २००. ६ च्या वरचा एकच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला ६.३ चा. आता २०० ला २२ ने भागा. उत्तर ९ च्या जरा वर येते. म्हणजे तीव्रता एकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण नवव्या हिश्शावर येते. जगात बहुतेक ठिकाणी हे प्रमाण दहाच्या आसपास असते. या नियमाला गुटेनबर्ग-रिश्टर नियम म्हणतात, आणि त्या ९ चा लॉगॅरिथम, म्हणजे ०.९६, हे कोयनेचे ढोबळ ‘बी-मूल्य’.

हाच गुणाकार खाली नेऊन पाहा. ३ च्या वरचे भूकंप साधारण १,८०० भरतात, २ च्या वरचे साडेसोळा हजार आणि १ च्या वरचे दीड लाख. ‘आजवर लाखाच्या वर धक्के’ हा नेहमी छापून येणारा आकडा कुठून आला ते यावरून कळावे. यंत्र जितके बारीक ऐकेल तितका तो वाढतो. उद्या ० तीव्रतेपर्यंत मोजायचे ठरवले तर तो तेरा लाखांच्या पुढे जाईल आणि जमिनीखाली काहीही बदललेले नसेल. उलट गुणाकार वर नेला तर ६ च्या वरचे २ ते ३ भूकंप अपेक्षित होते, प्रत्यक्षात एक झाला. यावरून ‘दुसरा उरला आहे’ असे म्हणायचा मोह होतो. पण सरासरी २.४ अपेक्षित असताना एक किंवा शून्य येण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के असते. इतक्या सहज घडू शकणाऱ्या गोष्टीवरून कसलाच निष्कर्ष निघत नाही.

आता यादीकडे. कुठल्याही भूकंपयादीचा तळ फुटका असतो. मोठे धक्के सगळ्या केंद्रांवर नोंदले जातात, बारीक धक्के फक्त जवळच्या केंद्रावर, आणि त्याहून बारीक कुठेच नाही. ज्या तीव्रतेपासून वर एकही धक्का निसटत नाही अशी खात्री देता येते, तिला पूर्णता-पातळी म्हणतात. हिशेबाची सुरुवात तिथून. ती शोधायला एक्सेल पुरते. तीव्रतांचे ०.१ च्या अंतराने कप्पे करा, प्रत्येक कप्प्यातली संख्या मोजा आणि आलेख काढा. मोठ्याकडून लहानाकडे येताना संख्या वाढत जाते, एका कप्प्यात शिखर गाठते आणि मग घसरते. ती घसरण निसर्गाची नाही, यंत्रांच्या कानांची आहे. शिखराच्या कप्प्यात ०.२ मिळवा, ती झाली कामचलाऊ पूर्णता-पातळी. तिच्याखालच्या सगळ्या ओळी हिशेबापुरत्या बाजूला ठेवायच्या. तयार यादीतल्या निम्म्याहून अधिक ओळी बाजूला जातात, तेव्हा जीव हळहळतो, पण ठेवायच्याच.

ही पातळी सर्व वर्षांना सारखी नसते, आणि खरी गडबड इथेच होते. १९६० च्या दशकात मोजकी केंद्रे होती. २००५ पासून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे डिजिटल जाळे इथे आले आणि पूर्वी न सापडणारे धक्के सापडू लागले. पूर्णता-पातळी २ वरून १ वर आली की नोंदींची संख्या नऊ-दहा पट होते. ६० वर्षांचा एकच आलेख काढायचा असेल तर सर्वांत जुन्या, सर्वांत वाईट काळातली पातळी सगळ्या वर्षांना लावावी लागते. ते नको असेल तर आलेख जाळे बदलले त्या वर्षी तोडावा. सरळ रेष ओढून ‘भूकंप वाढत आहेत’ म्हणणे म्हणजे चष्म्याचा नंबर बदलल्यावर आकाशात तारे वाढले म्हणण्यासारखे.

तीव्रता काढायची पद्धत बदलली तरी हेच होते. रिश्टरची मूळ पद्धत, हादऱ्याच्या कालावधीवरून काढलेली तीव्रता आणि मोमेंट तीव्रता या तिन्हींचे आकडे एकाच धक्क्याला थोडे वेगळे येतात. नवी पद्धत सरासरी ०.२ जास्त दाखवत असेल, तर ठरावीक रेषेच्या वरच्या धक्क्यांची संख्या सुमारे ५८ टक्क्यांनी फुगते. म्हणून दोन संस्थांच्या याद्या जोडताना दोन्हींत असलेले धक्के शेजारी ठेवून फरक काढावा, आणि मगच एका यादीचे आकडे दुसरीच्या मापात आणावेत. जोडताना आणखी एक खड्डा असतो : वेळ. आंतरराष्ट्रीय याद्यांत जागतिक वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कोयनेचा मोठा भूकंप तिथे १० डिसेंबर १९६७ च्या रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी नोंदला आहे आणि आपल्याकडे ११ च्या पहाटे. साडेपाच तास न मिळवता याद्या एकत्र केल्या की एकाच भूकंपाचे दोन होतात, आणि अशा जोडयादीत दुप्पट झालेले भूकंप नेमके मोठे असतात, कारण दोन्ही याद्यांत तेच सापडतात.

धक्क्यांची तासवार वाटणीही एकदा करून पाहावी. बारीक धक्के रात्री जास्त दिसले तर घाबरू नये. दिवसा रहदारी, क्रशर, पंप यांचा गोंगाट असतो आणि यंत्राला बारीक हादरा ऐकू येत नाही. यादी अजून अपूर्ण आहे एवढाच त्याचा अर्थ. पण दुपारी एका ठरावीक वेळी धक्क्यांचे टेंगूळ आले, तर ते बहुधा खाणीतल्या सुरुंगांचे. ते काढून टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बी-मूल्य नीट काढायचे तर वर केला तसा नुसता भागाकार पुरत नाही. सूत्र सोपे आहे : पूर्णता-पातळीच्या वरच्या सर्व धक्क्यांची सरासरी तीव्रता घ्या, तिच्यातून पातळी वजा ०.०५ हे वजा करा, आणि ०.४३४३ ला त्या उत्तराने भागा. उदाहरणार्थ पातळी २.० आणि सरासरी २.४० असेल, तर २.४० वजा १.९५ म्हणजे ०.४५, आणि बी येतो ०.९७. ते ०.०५ म्हणजे कप्प्याचा अर्धा भाग. ते विसरले तर उत्तर १.०९ येते, म्हणजे बारा टक्क्यांची चूक. उत्तरातली अनिश्चितता काढायला बी ला धक्क्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. शंभर धक्क्यांवर ती सुमारे ०.१ राहते. म्हणून पन्नास धक्क्यांवरून काढलेला बी १.० वरून ०.९ झाला आणि ‘बी घटला, मोठा भूकंप जवळ आला’ असा संदेश कुणी व्हॉट्सॲपवर फिरवला, तर आधी वर्गमूळ मागावे. बी घटल्यासारखा दिसण्याचे आणखी साधे कारण म्हणजे पातळी खूप खाली धरणे. बारीक धक्के निसटलेले असतात, त्यामुळे सरासरी वर सरकते आणि बी आपोआप खाली येतो.

यानंतरचे काम किचकट आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात : मुख्य धक्का आणि त्याच्यामागून येणारे पश्चात धक्के वेगळे करणे. ५ चा एक धक्का बसला की पुढचे काही आठवडे त्याची पिलावळ येत राहते. ती सुरुवातीला दाट असते आणि ओमोरीच्या नियमाने विरळ होत जाते. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहावा हिस्सा. ही सगळी पोरे ‘वर्षातले धक्के’ म्हणून मोजली तर वर्ष भयंकर दिसते, पण घटना एकच असते. वेगळे करण्याची प्रचलित पद्धत गार्डनर आणि नोपॉफ यांची, १९७४ ची, दक्षिण कॅलिफोर्नियासाठी बेतलेली. तीत ४ तीव्रतेच्या धक्क्याभोवती ३० किलोमीटर आणि ४२ दिवस, तर ५ च्या धक्क्याभोवती ४० किलोमीटर आणि १५५ दिवस, एवढ्या खिडकीतले सगळे लहान धक्के पश्चात धरले जातात. संगणकाच्या तयार प्रोग्रॅममध्ये हेच आकडे भरलेले असतात. पण आपला सगळा भूकंपप्रवण टापू जेमतेम २० बाय ३० किलोमीटरचा! कोयनेजवळच्या ४ च्या धक्क्याची खिडकी वारणेपर्यंत सगळेच गिळून टाकते, आणि वारणा धरणाजवळच्या चांदोलीच्या बाजूचे स्वतंत्र धक्के त्याची पिल्ले ठरतात. ४ च्या धक्क्यात खडक तुटतो तो सुमारे एक किलोमीटर लांबीत, ५ च्या धक्क्यात तीन-चार किलोमीटर. त्यात केंद्रबिंदूच्या जागेतली चूक मिळवली तरी ८-१० किलोमीटरची खिडकी इथे पुरेशी आहे. दिवसांची खिडकी मूळचीच ठेवावी. आणि दोन्ही खिडक्या लावून उत्तर किती बदलते ते सोबत द्यावे.

हे वेगळे करणे किती महत्त्वाचे, ते एका हिशेबाने पटेल. १९६२ ते २००९ या ४८ वर्षांत ५ च्या वरचे २२ धक्के धरले तर वर्षाला सरासरी ०.४६. समजा त्यानंतर १५ वर्षे असा एकही धक्का आला नाही. धक्के एकमेकांपासून स्वतंत्र मानले तर असे घडण्याची शक्यता हजारात एक येते. मग ‘कोयना थंडावली’ असे तरी वाटते, किंवा ‘आता येणारच, थकबाकी साचली’ असे तरी. पण ते २२ धक्के सुटेसुटे आलेले नाहीत. १९६७-६८, १९७३, १९८०, १९९३-९४, २०००, २००५, २००९ असे ते घोळक्याने आले. १९८० च्या एका सप्टेंबरातच तीन. घोळके सात-आठ धरले तर दर सहा-सात वर्षांनी एक, आणि १५ वर्षे शांत जाण्याची शक्यता दहात एक होते. आकडे तेच, पण हजारात एक कुठे आणि दहात एक कुठे.

वर्षा-वर्षाच्या तुलनेलाही हाच चाप लावावा. गेल्या वर्षी रेषेवरचे ४० धक्के, यंदा ५२. फरक १२. दोन्हींची बेरीज ९२, तिचे वर्गमूळ ९.६. फरक या आकड्याच्या दुप्पट, म्हणजे १९ च्या पुढे गेला तरच दखल घ्यावी. १२ हा नशिबाचा खेळ. आणि हे पश्चात धक्के काढल्यानंतर. न काढता केले तर वर्गमुळाचा नियमच लागू होत नाही.

पाणी आणि भूकंप यांच्या संबंधाबद्दल आपल्याकडे दोन टोके आहेत : ‘धरणामुळेच सगळे’ आणि ‘धरणाचा काही संबंध नाही’. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी दाखवले की ५ च्या वरच्या भूकंपांआधी जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटर किंवा अधिक वेगाने चढलेली होती. त्यांनीच हेही सांगितले की ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. वाचकांपर्यंत पहिले वाक्य पोहोचते, दुसरे नाही. ज्याला पडताळायचे आहे त्याने चार खाने आखावेत : पाणी वेगाने चढले आणि ५ चा धक्का आला, वेगाने चढले आणि आला नाही, हळू चढले आणि आला, हळू चढले आणि आला नाही. आपल्या बोलण्यात फक्त पहिला खाना असतो. कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाला पाऊस कोसळून धरण भरले आणि पुढे काहीच झाले नाही, ती वर्षे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

ऋतूचा परिणाम तपासायची शुस्टरची चाचणी दहावीच्या मुलालाही जमेल. वर्ष म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. प्रत्येक भूकंपासाठी त्याच्या तारखेच्या दिशेने एक पाऊल टाका, एकापुढे एक. २०० भूकंप वर्षभर कसेही विखुरलेले असतील तर शेवटी माणूस सुरुवातीपासून साधारण १४ पावलांवर सापडेल. तो ४० पावलांवर सापडला तर ४० चा वर्ग भागिले २०० म्हणजे ८, आणि असे निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता दहा हजारांत तीन. दिशा सप्टेंबरकडे असली तर पाणी भरण्याशी नाते जुळते. कोयना-वारणेत धक्के सप्टेंबरच्या सुमारास वाढतात, डिसेंबरच्या आसपास पुन्हा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरताना परत, हे अभ्यासकांना दिसलेले आहे. पाण्याचे वजन लगेच पडते, पण खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब काही किलोमीटर खाली पोहोचायला आठवडे-महिने लागतात. असे दोन-तीन उंचवटे असले की एक आणखी काळजी घ्यावी लागते : परस्परविरुद्ध दिशांची पावले एकमेकांना खोडतात, म्हणून हीच चाचणी सहा महिन्यांची तबकडी धरूनही करावी.

या चाचणीत दोन चुका हटकून होतात. एक, पश्चात धक्के ठेवणे. सप्टेंबरातल्या एका मोठ्या धक्क्याची साठ पिल्ले एकाच दिशेने साठ पावले टाकतात. दुसरी अधिक लबाड आहे. जून ते ऑगस्टमध्ये वारा, पाऊस, ओढे आणि खवळलेला समुद्र यांचा गोंगाट इतका असतो की बारीक धक्के बुडून जातात. सप्टेंबरात उघडीप झाली की यंत्रांना पुन्हा ऐकू येऊ लागते आणि धक्के ‘वाढतात’. म्हणून ऋतूंच्या तुलनेसाठी पूर्णता-पातळी पावसाळ्यातल्या यादीवरून काढावी, वर्षभराच्या नव्हे.

प्रदेशाची सीमा आधी आखावी, आकडे पाहून नव्हे. वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३ पासून धक्के दक्षिणेकडे पसरले. अक्षांश उभ्या अक्षावर आणि वर्ष आडव्या अक्षावर घेऊन प्रत्येक धक्क्याचा ठिपका दिला, तर ते एका नजरेत दिसते. सीमा फक्त कोयनेभोवती आखली तर धक्के घटलेले दिसतील. उलट ‘महाराष्ट्रातले भूकंप’ असा मथळा घेतला तर २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघरकडे सुरू झालेल्या शेकडो बारीक धक्क्यांनी राज्याचा आकडा फुगतो. त्याचा पाटणशी काही संबंध नाही, किल्लारीचाही नव्हता.

पारावरचे एक वाक्य इथेच खोडून ठेवतो : ‘बारीक धक्के बसतात तेच बरे, ताण निघून जातो.’ तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनने वाढली की हजार पट. १९६७ च्या एका ६.३ इतकी ऊर्जा बाहेर पडायला ४.३ चे हजार भूकंप लागतील. आपल्याकडे साठ वर्षांत ४ च्या वरचे सगळे मिळून २०० च्या आसपास.

तेव्हा आपणास विनंती एवढीच. धक्क्याची बातमी देताना तीव्रतेसोबत ती कोणत्या संस्थेची आणि कोणत्या पद्धतीची, केंद्रबिंदूचे अक्षांश-रेखांश, खोली आणि वेळ (भारतीय प्रमाणवेळ असा उल्लेख करून) छापावी. ‘हेळवाकपासून इतक्या किलोमीटरवर’ हे त्याच्या जोडीला राहू द्यावे. वर्षअखेरच्या चौकटीत एकूण आकड्याऐवजी ३ च्या वरचे किती, ४ च्या वरचे किती आणि त्यांत कुणाच्या मागून आलेले किती, हे तीन आकडे द्यावेत, आणि शेजारी मागच्या दहा वर्षांचे तेच आकडे. ३ च्या वरचे भूकंप या भागात आता निसटत नाहीत, त्यामुळे ही रेषा वर्षानुवर्षे न बदलता ठेवता येईल. मधल्या काळात संस्थेने एखाद्या धक्क्याची तीव्रता सुधारली तर चौकटीतही ती सुधारावी. पहिल्या तासातला आकडा आणि नंतरचा आकडा यांत ०.२-०.३ चा फरक पडणे नेहमीचे आहे, आणि २.९ चा ३.१ झाला की ओळ एका रकान्यातून दुसऱ्यात जाते.

आपला,
भूकंपनोंदींचा एक अभ्यासक,
कराड, जि. सातारा